वरच्या खोलीतला वॉर्ड

आमच्या घराच्या वरच्या खोलीत सहा वर्षं एक वॉर्ड चालला. पलंग एकच, तोही सिस्टरांच्या झोपण्याचा. पेशंट मात्र रोज तीन-चार तरी असायचे, आणि त्यातला एकही धड नसायचा.

सिस्टर राहायला आल्या त्या पहिल्याच आठवड्यात समोरच्या शिवणवाल्या बाई धावत आल्या. गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. म्हणाल्या, वर कुणाला तरी धाप लागलीय, ओठ निळे पडलेत म्हणे, मी खिडकीतून ऐकलं, आणि तुम्ही खुशाल भाजी निवडत बसलाय? मी म्हटलं, बसा, पाणी प्या. तो पेशंट तीस वर्षांपूर्वीच बरा होऊन घरी गेला.

बाईंना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. मग सगळं समजावून सांगावं लागलं, तसंच इथंही सांगते.

आमच्या मोठ्या दवाखान्याला लागून डॉक्टरकीचं कॉलेज आहे. शेवटच्या वर्षाची मुलं पुस्तकं खाऊन बसलेली असतात. कुठल्या हाडाला काय म्हणतात ते झोपेतही सांगतील. पण वर्ष संपलं की ती थेट वॉर्डात उभी राहणार, आणि तिथं हाड बोलत नाही, माणूस बोलतो. म्हणून कॉलेजातल्या एका मॅडमनी त्यांच्यासाठी एक महिना बांधून दिला. मुलं पाळीपाळीनं यायची, दर महिन्याला नवी तुकडी. रबराच्या हातात सुई टोचायची, स्पंजावर टाके घालायचे, बाहुल्याची छाती दाबायची. आणि फोन घ्यायचा. दिवसात केव्हाही फोन वाजणार, पलीकडून सिस्टर सांगणार, डॉक्टर, अमक्या बेडच्या पेशंटला असं असं होतंय. हातातलं काम टाकून मुलांनी नीट विचारायचं, काय करायचं ते सांगायचं, कुणाला कळवणार तेही सांगायचं. पेशंट खोटा, घाम खरा.

तो फोन करणाऱ्या आमच्या सिस्टर.

मी त्यांच्या हाताखाली एकोणतीस वर्षं वॉर्डात मावशी होते. त्या नोकरीला लागल्या तेव्हा माझ्या हातात फडकं येऊन दोन वर्षं झाली होती, त्यामुळे वॉर्डात कुणाचं नाक किती वर ते मीच त्यांना शिकवलं. लग्न केलं नाही त्यांनी. विचारलं की म्हणायच्या, वीस माणसं सांभाळते, एकविसावा कशाला. माझ्यानंतर सहा वर्षांनी त्या रिटायर झाल्या, तशी क्वार्टरची खोली सोडावी लागली. भाचा न्यायला आला होता, त्याचं घर मोठं, माणसं चांगली. पण तिथून दवाखाना दिसत नाही म्हणाल्या. आमच्या वरच्या खिडकीतून दिसतो, मागची बाजू का होईना. मी माझ्या मुलाला म्हटलं, खोली रिकामीच आहे. सून म्हणाली, आई, भाडेकरू ठेवताय की ॲम्ब्युलन्स? पण तिनंच पडदे शिवून आणले.

मॅडम छापील कागद पाठवायच्या. पुरुष, वय पंचेचाळीस, छातीत दुखतंय, नाडी इतकी, बीपी इतकं. खाली चौकोन. विचारलं का, बरोबर सांगितलं का, वरच्या डॉक्टरांना कळवलं का, लिहून ठेवलं का. सिस्टरांनी त्यात फक्त खुणा करायच्या. पण सिस्टर कागद एकदा वाचायच्या, उलटा घालायच्या आणि फोन लावायच्या. मी शेजारी बसून गोधडीला टाके घालत असायचे. ऐकता ऐकता सुई थांबायची, कारण बोलणं आमच्या जुन्या पेशंटांचं चाललेलं असायचं.

जुना दवाखाना लहान होता. एक लांब हॉल, मध्ये लाकडी फळ्या, अलीकडे दहा बाप्ये, पलीकडे दहा बाया. नऊ नंबरला एक पोस्टमन होता, गोळ्या गिळल्यासारखं करून मोज्यात लपवायचा. चौदा नंबरची बाई अंगात एकशे चार ताप असला तरी ठीक आहे म्हणायची. दोन नंबरचा बसड्रायव्हर छातीतल्या कळेला गॅस म्हणायचा आणि ढेकर देऊन दाखवायचा. सगळे वरच्या खोलीत हजर. एका विद्यार्थ्यानं एकदा फार वेळ लावला, मग विचारलं, सिस्टर, पेशंट आत्ता काय करतोय? सिस्टर म्हणाल्या, तुमच्या नावानं खडे फोडतोय, डॉक्टर.

मॅडमनी एकदा गोडीत सुनावलं की कागदाला धरून चला. सिस्टर म्हणाल्या, कागदाला घाम येत नाही, मॅडम.

तो जुना हॉल आता नाही. पाडला, आणि तिथं गाड्या लावतात. नवी इमारत सात मजली, चकाचक. सिस्टर रिटायर झाल्यावर एकदाच तिथं जाऊन आल्या, आणि संध्याकाळभर खिडकी लावून बसल्या. नंतर म्हणाल्या, छान आहे हो, पण तिथं मला कुणी हाक मारली नाही. तेव्हा मला कळलं, या फोन करतात ते मुलांसाठी खरं, पण थोडं त्या हॉलात फिरून यायलाही करतात.

सगळ्या बेडचे फोन झाले, एका बेडचा कधी झाला नाही. अकरा नंबर. फळीच्या पलीकडचा पहिला बेड, बायांच्या बाजूचा.

का, ते मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी तिथंच होते.

सिस्टरांना नोकरीला लागून तीन महिने झाले होते. रविवारची दुपार, मोठे डॉक्टर सुट्टीवर. अकरा नंबरला एक ओली बाळंतीण होती. बारा वाजता मोकळी झाली, मुलगी झाली, सगळं छान. दोनच्या सुमाराला म्हणाली, तहान लागली. मी चमच्यानं पाणी पाजलं. मग म्हणाली, मावशी, केस बांधता का, मानेला चिकटतायत. मी बांधले. मान गार लागली. अंगावरून जरा जास्तच जात होतं, सिस्टरांनी तीनदा पॅड बदललं, नाडी मोजली, आणि दोन वाजून वीस मिनिटांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरही नवाच, वॉर्डात येऊन वीस दिवस झालेला. त्यानं विचारलं, बीपी ठीक आहे ना? बीपी ठीक होतं. मग बघतो, म्हणाला, इथं हात अडकलाय.

सिस्टरांनी फोन ठेवला. पुन्हा लावला नाही. आदल्याच आठवड्यात उगाच फोन केला म्हणून त्यांना सगळ्यांसमोर बोलणी बसली होती. चाळीस मिनिटं त्या बाईचं मनगट धरून बसल्या. तीन वाजता डॉक्टर आला, आणि आल्या आल्या धावाधाव केली, सगळ्यांनीच केली. उशीर झाला होता. तो पोरगाही नंतर जिन्यात बसून रडला. सिस्टरांना कुणी दोष दिला नाही. कुणी काही विचारलंच नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. शिव्या खाल्ल्या की माणूस सुटतो तरी.

दर तुकडीच्या शेवटच्या दिवशी सिस्टर एक कोरा कागद घ्यायच्या, वर अकरा लिहायच्या, फोन हातात घ्यायच्या आणि खाली ठेवायच्या. एकदा मी म्हटलं, करा की एकदाचा. तेवढ्यासाठीच तर जीव अडकलाय तुमचा. कुणीतरी येते म्हणालेलं ऐका आणि मोकळ्या व्हा.

त्या म्हणाल्या, "मावशी, समजा तिकडून पुन्हा तेच उत्तर आलं तर?"

मी दोरा ओवला.

आता एका मुलीचं सांगते. शनिवारी पाच-पाच जण घरी यायचे, आपलं कुठं चुकलं ते ऐकायला. खोलीत मावायचे नाहीत म्हणून जिन्यात बसायचे, सून मोठ्या पातेल्यात चहा टाकायची. त्यात एक मुलगी नेहमी सगळ्यात खालच्या पायरीवर. तिचं नाव आम्ही पाडलं सॉरी, कारण तिचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू व्हायचं. सॉरी सिस्टर, बीपी किती? सॉरी सिस्टर, सलाईन लावा. सॉरी, लावू नका, थांबा. हुशार होती. उत्तर पहिल्यांदा बरोबर यायचं आणि मग ती स्वतःच ते मागं घ्यायची. मोठ्या डॉक्टरांना विचारायची वेळ आली की, ते रागावतील, अजून थोडी वाट बघू, असं म्हणायची. तीन फोन झाले, तिन्हीत वाट बघितली. सिस्टर तिला म्हणाल्या, तुम्हाला सगळं येतं, पण दार वाजवायला घाबरता. ती म्हणाली, सॉरी.

मॅडमनी कळवलं की सोमवारी दुपारी तिला शेवटचा फोन करा. जमलं तर ठीक, नाहीतर सहा महिने मागं ठेवावं लागेल.

सोमवारी मॅडमचा कागद साधा होता. साठीतला माणूस, साखर उतरलेली, घाम सुटलाय. सिस्टरांनी चष्मा लावून वाचला, उलटा घातला आणि फोन लावला. एका कानानं कमी ऐकू येतं म्हणून त्या फोन स्पीकरवर टाकायच्या, त्यामुळे दोन्हीकडचं मला ऐकू यायचं.

"डॉक्टर, बेड अकरा," सिस्टर म्हणाल्या.

सुई माझ्या बोटात गेली.

त्या सगळं तसंच सांगत गेल्या. बाराला मोकळी झाली. तहान लागलीय. मान गार. पॅड तीनदा बदललं. मुलीनं नाडी विचारली. मघाशी एकशे दहा होती, आता एकशे चोवीस. मग तिनं बीपी विचारलं, आणि सिस्टर जरा थांबून म्हणाल्या, "बीपी ठीक आहे, डॉक्टर."

मी मनात म्हटलं, झालं, आता ही म्हणणार थोडी वाट बघू.

"सॉरी सिस्टर," ती म्हणाली, "बीपी ठीक असेल, पण मला हे ठीक वाटत नाही."

मग भराभर सांगत सुटली. दोन्ही हातांना सलाईन लावा, ओटीपोट चोळत राहा, पॅड टाकू नका, वजन करा, रक्त मागवा, मी मोठ्या डॉक्टरांना आत्ता कळवते. चौकोनात मावणार नाही इतकं बरोबर. इथं सिस्टरांनी म्हणायचं असतं, ठीक आहे डॉक्टर, फोन संपला. नेहमीचं वाक्य होतं ते. त्या म्हणाल्या नाहीत. एक्केचाळीस वर्षांत मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. लहान पोरीसारखा.

"डॉक्टर, तुम्ही या ना."

"आले," ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

सिस्टर फोन मांडीवर ठेवून बसल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, आले म्हणाली. कागदावर एक खूणसुद्धा केली नाही. मला वाटलं, परीक्षेत म्हणतात तसं म्हणाली असेल, आणि मी बोटाला चिंधी गुंडाळून चहा टाकायला खाली गेले.

अर्ध्या तासानं दार असं वाजलं की शिवणवाल्या बाईसुद्धा बाहेर आल्या. दारात सॉरी. पांढरा कोट अर्धा खांद्यावर, एक चप्पल पायात, दुसरी तुटलेली हातात.

झालं होतं असं. सिस्टरांचा तो आवाज ऐकून सराव वगैरे तिच्या डोक्यातून गेलंच. फोन ठेवल्या ठेवल्या तिनं मोठ्या डॉक्टरांना फोन केला, खरोखरच्या, दवाखान्यातल्या. अकरा नंबर, बाळंतीण, रक्त जातंय, लगेच या. ज्यांच्या दारावर टकटक करायला ती महिनाभर घाबरत होती, त्यांना तिनं जेवणावरून उठवलं. आणि स्वतः तिसऱ्या मजल्यावर धावली. तिथं अकरा नंबरवर एक धडधाकट बाई बाळाला घेऊन बिस्किट खात बसली होती. हिनं जाऊन तिचं मनगट धरलं, पोट दाबलं. बाई गडबडली, वॉर्डातली सिस्टर ओरडली, मोठे डॉक्टर धापा टाकत आले, आणि सगळे हिच्याकडे बघायला लागले. तेव्हा हिच्या डोक्यात उजेड पडला की तशी बाळंतीण कुठंच नाही, फोन शिकण्याचा होता.

दुसरी कुणी असती तर जमिनीत गेली असती. ही उभ्या उभ्या विचार करायला लागली की पेशंट नाही, मग "या ना" म्हणणाऱ्या सिस्टरांना काय झालंय? तशीच पळत इथं.

मला म्हणाली, सिस्टर बऱ्या आहेत ना? मी वर बोट दाखवलं.

ती आत गेली तशा सिस्टर उठून उभ्या राहिल्या. डॉक्टर वॉर्डात आले की उभं राहायचं, ती सवय. म्हणाल्या, "कशाला आलात?"

"तुम्ही या म्हणालात."

मग सिस्टरांनी ओव्हर दिली. ड्युटी बदलताना एक सिस्टर दुसरीला पेशंटची सगळी हकीकत उभ्यानं सांगते, त्याला आमच्याकडं ओव्हर देणं म्हणतात. तशी, पाठ ताठ करून, पहिल्यापासून. किती वाजता तहान लागली, किती चमचे पाणी घेतलं, केस कुणी बांधले. पहिला फोन किती वाजता, डॉक्टर काय म्हणाले, दुसरा फोन का केला नाही. एक मिनिट इकडचं तिकडं नाही. मुलीनं वही काढून सगळं लिहून घेतलं, एकदाही सॉरी म्हणाली नाही. सिस्टर अडीचपर्यंत आल्या, पावणेतीनपर्यंत आल्या, आणि थांबल्या.

ती हळूच म्हणाली, मग डॉक्टर कधी आले?

सिस्टरांनी सांगितलं, तीन वाजता.

मुलीनं वही मिटली. समजूत वगैरे घातली नाही, ते बरं केलं. सिस्टरांना पलंगावर बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि त्यांचं मनगट धरून घड्याळाकडे बघायला लागली. सिस्टर म्हणाल्या, माझी कशाला बघताय? ती म्हणाली, शंभरच्या वर आहे, बोलू नका थोडा वेळ. आणि सिस्टर खरंच गप्प बसल्या. जन्मात त्यांना कुणी असं गप्प बसवलं नव्हतं. मी दोन कप चहा घेऊन दारात उभी होते, तशीच परत खाली आले.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः आमचा जिना चढून आल्या. मोठ्या डॉक्टरांनी तक्रार केली होती. खऱ्या पेशंटला उगाच त्रास झाला, वॉर्ड डोक्यावर घेतला गेला. मॅडमचं म्हणणं चूक नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, चूक तिची नाही, माझी आहे, मी कागद सोडला आणि फोन संपला हे सांगितलं नाही. मॅडमनी खुणांचा कागद मागितला. सगळे चौकोन रिकामे. खाली सिस्टरांच्या अक्षरात तीन शब्द, बोलावल्यावर डॉक्टर आल्या.

मॅडम तो कागद धरून बसल्या. म्हणाल्या, याला मी मार्क कुठून देऊ? फोनवर ती बोलली काय, ते तरी कुणी सांगेल का? मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी दारातून सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. दोन्ही हातांना सलाईन, ओटीपोट, पॅडचं वजन, रक्त, मोठे डॉक्टर. मॅडम म्हणाल्या, मावशी, तुम्ही कुठल्या वर्षाला? मी म्हटलं, चौथीत शाळा सुटली. त्या हसल्या, आणि स्वतःच्या पेनानं खुणा केल्या. मुलगी पास झाली.

पण त्या दिवसापासून नियम झाला की फोनवर पहिलं वाक्य हे म्हणायचं, हा सरावाचा फोन आहे. नियम बरोबरच होता, सिस्टरांनीही मान डोलावली. पुढची तुकडी आली. सिस्टरांनी फोन लावला, ते वाक्य म्हटलं, आणि पुढं काही येईना. मग कागद सरळ करून वाचला, पोरं शाळेत धडा वाचतात तसा. पुरुष, वय पंचेचाळीस. दुसऱ्या फोनलाही तेच. मला म्हणाल्या, सराव म्हटलं की आपले पेशंट येतच नाहीत हो, फळीपलीकडेच थांबतात. पंधरा दिवस रेटलं आणि कागदांचा गठ्ठा मॅडमना परत केला. आता कॉलेजातूनच दोन तरुण सिस्टर फोन करतात. चांगल्या करतात म्हणे.

सॉरी आता तिसऱ्या मजल्यावर डॉक्टर आहे. तिथली मावशी माझ्या ओळखीची. सांगत होती, ही बया फोन ठेवायच्या आत हजर होते, साधं पॅड बदलायचं असलं तरी. सिस्टर लोक वैतागलेत, आणि मोठ्या डॉक्टरांना तर तिनं पार जेरीस आणलंय. आमच्याकडं एकदाच आली, दारातच उभी राहिली, चहाला थांबली नाही. सिस्टर वाट बघत नाहीत असं सांगतात. येत नाही म्हणजे कामात आहे, म्हणतात. आणि शनिवारी जिना पुसून ठेवतात.

दुपारी मी वर जाऊन बसते. गोधडी संपली, दुसरी घातलीय. वरच्या खोलीत आता कुणाला धाप लागत नाही, शिवणवाल्या बाई म्हणतात, किती शांत झालं. दवाखान्याच्या मागं दोऱ्यांवर चादरी वाळत असतात. सिस्टर खिडकीत बसून त्या मोजतात आणि आज किती भरती असतील त्याचा अंदाज करतात. कधीकधी मी मुद्दाम एकेक बेड विचारते. सहा नंबर? टाके काढले, उद्या जाईल. सतरा? सून भेटायला आलीय, म्हणजे आज जेवायची नाही.

परवा मी धीर करून विचारलं, आणि अकरा?

चादरी मोजणारं त्यांचं बोट थांबलं. मला वाटलं, नको ते विचारलं.

"अजून आहे," त्या म्हणाल्या. "पण डॉक्टर बसल्यात तिच्यापाशी."

खालून सुनेनं हाक मारली, चहा गार होतोय म्हणून. आम्ही दोघी उठलो नाही.